सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते. प्लग, फाउंडेशन, ट्यूनिंग सगळं झालं, आता काय करू?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. गाडी घरची, पेट्रोल, तीन सिलिंडर, हजार सीसी, २०१४ चं मॉडेल, ९१ हजार किलोमीटर झालेत. २०१८ साली बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवून घेतलं.

गेले अडीच महिने गाडी उभी असली की थरथरते. न्यूट्रलला, पाय रेसवर नसताना. स्टेअरिंग, सीट, आरसा, सगळंच. मागच्या सीटवर बसलं तर पोटात जाणवतं. पायाने जरा रेस दिली, आरपीएम बाराशेच्या पुढे गेला की थरथर गायब. रस्त्यावर पळताना काही तक्रार नाही.

आतापर्यंत तीन फेऱ्या गॅरेजला झाल्या. पहिल्यांदा तिन्ही प्लग नवे आणि थ्रॉटल बॉडी साफ. दुसऱ्यांदा इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग, साफ. तिसऱ्यांदा दोन्ही बाजूंची फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते, बदलली. मिळून ११,४०० रुपये. फाउंडेशन बदलल्यावर थरथर उलट थोडी वाढली असं मला वाटतं, पण ‘नवीन रबर आहे, बसेल हळूहळू’ असं उत्तर मिळालं. चेक इंजिनचा दिवा मधूनच लागतो आणि दोन-तीन दिवसांनी आपला आपण जातो.

बाबा ७४ वर्षांचे आहेत, मणक्याचं जुनं दुखणं आहे. दर पंधरा दिवसांनी कराडहून साताऱ्याला दवाखान्यात न्यावं लागतं. कोल्हापूर नाक्याला गाडी उभी राहिली की ते दाराच्या वरची कडी घट्ट धरून बसतात. बोलत काही नाहीत. परवा मात्र म्हणाले, “पुढच्या वेळी एसटीनं जाऊ.” ते मनाला फार लागलं. कृपया ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा.

घाटवेडा
ई२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. दुसरं काही नाही. माझ्या जुन्या गाडीचंही ॲव्हरेज पडलंय आणि आयडलला जरा खरखरते. इंजिनला पाणीच पाजतायत म्हणा ना.

नटबोल्ट
कृष्णाकाठ, आणखी एकही पार्ट बदलू नका. आधी एवढं सांगा:
पेट्रोलवर थरथरते की सीएनजीवर, की दोन्हीवर?
सकाळी पहिल्या स्टार्टला जास्त की गरम झाल्यावर?
एसी लावला की वाढते की तशीच राहते?
थरथर एकसारखी आहे, की मधूनच ‘धप्... धप्’ असा धक्का बसतो?
दिवा लागला तेव्हा कोणी स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला दोषाचा कोड वाचला का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर अकरा हजार चारशे रुपये अंदाजावर गेले.

तांबडीमाती
बॉनेट उघडून उंदरांच्या लेंड्या आहेत का बघा! आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळा सुरू झाला की उंदरांना इंजिनची ऊब लागते. गेल्या वर्षी इंजेक्टरची वायर अर्धी कुरतडली होती. वायर तुटलेली नव्हती, दोन-तीन तारा शिल्लक होत्या. म्हणून गाडी कधी नीट चालायची, कधी मिसिंग करायची, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटायचा नाही. तीन आठवडे कोणाला सापडलं नाही. शेवटी वायरिंगवरची काळी नळी बोटाने चाचपत गेलो तेव्हा दात लागलेली जागा हाताला लागली.

पाणपोई
माझी पण थरथरते पण मी समजत होते तीन सिलिंडर म्हणजे असंच असतं. असं नसतं का?

स्पंदन
पाणपोई, थोडी थरथर असते, पण किती असावी याला मर्यादा आहे. मी चाकणला गाड्यांचा आवाज आणि कंपनं मोजायचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोर स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. चार सिलिंडर असतील तर दर १८० अंशांना एक धक्का, तीन असतील तर दर २४० अंशांना. शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत किंचित झोके खातं. तो त्याच्या रचनेचाच भाग आहे. म्हणून त्याची फाउंडेशन मऊ आणि विचार करून बनवलेली असतात.

आता आकडे. आयडलला ८५० आरपीएम धरा. तीन सिलिंडरचे मिनिटाला १,२७५ धक्के, म्हणजे सेकंदाला साधारण २१. हे इतके जवळजवळ असतात की अंगाला नुसती गुणगुण जाणवते. पण तिघांतला एक पेटेनासा झाला तर दर दोन फेऱ्यांत एकदा खड्डा पडतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ वेळा. बसलेल्या माणसाचं धड उभ्या दिशेच्या ज्या कंपनांना सर्वांत हळवं असतं तो पट्टा साधारण सेकंदाला ४ ते ८ चा आहे. म्हणून मागच्या सीटवर पोटात जाणवतं. कृष्णाकाठ, तुमच्या बाबांना होणारा त्रास अगदी खरा आहे, त्यांचा नाजूकपणा म्हणून सोडून देऊ नका.

दोन गोष्टी वेगळ्या करा. इंजिन नीट चालतंय पण त्याचं कंपन बॉडीत उतरतंय, तर दोष फाउंडेशनचा. इंजिनच नीट चालत नाही, तर दोष आतला. बॉनेट उघडून आयडलला इंजिनकडे दोन मिनिटं बघा. इंजिन स्वतः अधूनमधून झटका खात असेल तर फाउंडेशन कितीही बदला, उपयोग नाही.

उनाड_पाखरू
गाडी म्हणत असेल, सिग्नल सुटेना म्हणून माझाही जीव थरथरतोय :)
(वाखु, म्हणजे वाचनखूण, साठवली. स्पंदन ताई, छान समजावलंत.)

काळीपिवळी
धागा वाचून वडिलांची आठवण आली. त्यांनी सव्वीस वर्षं मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवली. १०८९ सीसी, चार सिलिंडर, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर. आता त्या टॅक्स्या रस्त्यावर उरल्या नाहीत, ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या गाडीची वीस वर्षांची मुदत संपली.

तेव्हा मिसिंग शोधायला स्कॅनर कुठला. वडील पहाटे पाच वाजता चाळीच्या तोंडाशी बॉनेट उघडायचे, एक लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला. मग एकेका प्लगची वायर फडकं धरून उपसायची. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन लगेच पडतं, धापा टाकतं. ज्याची वायर काढून इंजिनला काही फरकच पडत नाही, तोच सिलिंडर झोपलेला. मी सहा-सात वर्षांचा असेन, टॉर्च माझ्या हातात असायचा. मला म्हणायचे, “जो गेल्यावर घराला कळत नाही, तो काम करत नव्हता.” मला ते तेव्हा गाडीबद्दल वाटायचं.

दुसरी त्यांची खूण म्हणजे सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरायचा. एकसारखा फडफडला तर ठीक. मधूनच आत ओढला गेला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

नटबोल्ट
काळीपिवळी, सुंदर आठवण. फक्त वाचणाऱ्यांसाठी सांगतो: आताच्या गाडीत चालू इंजिनवर प्लगला ठिणगी देणारी कॉइल उपसू नका. एक तर जोराचा शॉक बसू शकतो, आणि न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे पेटतं. त्याऐवजी त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा सॉकेट काढा. पेट्रोलच बंद होतं, परीक्षा तीच होते. ही तपासणी गाडी पेट्रोलवर असताना करायची. नंतर कोड पुसावा लागतो एवढंच.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर गॅरेजपर्यंत जाता येतं. तो *लुकलुकत* असेल तर मिसिंग जोरात आहे आणि कन्व्हर्टर तापतोय असं समजून गाडी बाजूला घ्या.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. काल रात्री नीट बसून बघितलं. नटबोल्ट, तुमच्या प्रश्नांची उत्तरं:

पेट्रोल आणि सीएनजी, दोन्हीवर थरथरते. सीएनजीवर किंचित जास्त. थंड-गरम दोन्ही वेळा. एसी लावल्यावर थोडी कमी होते, कारण आरपीएम नऊशेच्या वर जातो. थरथर एकसारखी नाही, मधून मधून धप् असा धक्का येतो. स्पंदन ताई म्हणाल्या तसं बॉनेट उघडून पाहिलं, इंजिन खरंच झटके खातंय. कोड कोणी वाचला नव्हता. उंदीर नाहीत, वायरिंग हाताने चाचपलं.

गॅरेजवाल्यांना किटबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, पेट्रोलवरही थरथरते म्हणजे किटचा संबंध नाही. ते पटलं होतं.

घाटवेडा
मी अजूनही म्हणतो, पेट्रोल बदललंय तेव्हापासून लोकांच्या तक्रारी वाढल्यात. २०१४ च्या गाड्या ई२० साठी बनलेल्याच नाहीत.

उद्यमनगरी
घाटवेडा, तुमचा दुसरा मुद्दा बरोबर आहे. एप्रिल २०२३ आधीच्या बहुतेक गाड्यांचे रबर पार्ट आणि सील ई२० डोळ्यासमोर ठेवून केलेले नाहीत, त्यावर लक्ष ठेवलंच पाहिजे. ॲव्हरेज पडतं हेही खरं, कारण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. पण या गाडीत तो आरोपी नाही. गाडी *सीएनजीवरही* थरथरते, आणि सीएनजीवर चालताना पेट्रोल इंजिनात जातच नाही. शिवाय पेट्रोल वाईट असेल तर तिन्ही सिलिंडरना सारखंच वाईट मिळेल. इथे मधून मधून धक्का बसतोय, म्हणजे बहुधा एकच सिलिंडर रुसलाय.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, एकोणीस वर्षं झाली. कृष्णाकाठ, स्कॅनर विकत घ्या. ब्लूटूथवाला डोंगल पाचशे-हजारात मिळतो, स्टेअरिंगखाली सॉकेट असतो. कोड वाचा, आणि फ्युएल ट्रिमचे आकडे (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते) दोनदा लिहून घ्या: एकदा आयडलला, एकदा अडीच हजार आरपीएमला धरून.

घाटवेडा
सीएनजीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य. माझ्या गाडीचा वेगळा धागा काढतो.

शिवार
इथे डिझेलवाले कोणी आहेत का? माझी जीप सकाळी थरथरते आणि पांढरा धूर सोडते, दहा मिनिटांनी शहाण्यासारखी चालते. सोलापूर.

नटबोल्ट
शिवार, थंडच असताना आणि पांढरा धूर म्हणजे आधी ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन पेटायला आत ऊब देणारे) तपासा. ते ठीक निघाले तर डिझेल लाइनमध्ये हवा शिरते का बघा, फिल्टरजवळच्या पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात. गरम झाल्यावरही थरथरली असती तर इंजेक्टरची रिटर्न तपासणी सांगितली असती.

दूरचा_मावळा
मी डेट्रॉइटजवळ राहतो. इकडे असं काही झालं की गॅरेजमध्ये पहिल्यांदा स्मोक टेस्ट करतात. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये हलक्या दाबाने धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं. हवा आत ओढणारी फट असेल तर पाच मिनिटांत दिसते. माझ्या गाडीला ब्रेक बूस्टरकडे जाणाऱ्या नळीला केसाएवढी चीर होती, आयडल वेडंवाकडं व्हायचं. तिकडे मशीन नसेल तर चालू इंजिनवर उदबत्ती फिरवून बघता येईल, फट असेल तिथे धूर आत ओढला जाईल.

नटबोल्ट
उदबत्ती नको! कळकळीने सांगतो. पेट्रोलची रेल तिथेच, वर या गाडीला सीएनजीचं किट. गळती शोधायला पेटती वस्तू घेऊन बॉनेटखाली कोणीही जाऊ नये. कार्ब क्लीनरचा फवारा मारायचीही पद्धत आहे, तोही गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पेटतो. साधं पाणी घ्या, इस्त्रीच्या फवाऱ्याच्या बाटलीत. कॉइल आणि सॉकेट टाळून नळ्यांच्या जोडांवर थोडं थोडं फवारा. फट असेल तिथे पाणी क्षणभर ती बुजवतं आणि इंजिनचा आवाज बदलतो.

दूरचा_मावळा
बरोबर, सीएनजी माझ्या डोक्यातून निसटलं. उदबत्तीचा सल्ला मागे घेतो, कोणी करू नका.

कृष्णाकाठ
डोंगल आला! आकडे देतोय.

कोड पी०३०३. ॲपमध्ये ‘सिलिंडर ३ मिसफायर’ असं येतं.
फ्युएल ट्रिम (लॉन्ग आणि शॉर्ट मिळून), पेट्रोलवर, आयडलला: अधिक १५ च्या आसपास.
अडीच हजार आरपीएमला: अधिक ३.

याचा अर्थ काय?

उद्यमनगरी
शाबास. तीन फेऱ्यांत गॅरेजला जे समजलं नाही ते तुम्ही अर्ध्या तासात काढलंत.

कोडचा शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर. पी०३०० आला असता तर सगळ्यांत विखुरलेलं मिसिंग, पी०३०१ पहिला, पी०३०३ तिसरा. आता कॉइलची अदलाबदल करा: दोन नंबरची कॉइल तीनवर, तीनची दोनवर. कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली, कारण रोग तिच्याबरोबर सरकला. तीनवरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लग तसेच बदलून पाहा. इंजिन *थंड* असताना, कारण हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरमात आटे खराब होतात.

तुमचे ट्रिमचे आकडे बघून मात्र कॉइल निघेल असं मला वाटत नाही. अधिक १५ म्हणजे मिश्रणात हवा जास्त दिसतेय म्हणून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत सुटलाय. ते आयडलला जास्त आणि रेसला जवळपास सरळ. आयडलला इंजिन मुळातच घोट घोट हवा घेतं, त्यात बारीक फटीतून आलेली हवाही मोठी ठरते. रेसला हवेचा लोंढाच मोठा, त्यात ती फट बुडून जाते. पेट्रोल कमी पडत असतं तर उलट झालं असतं, रेसला आकडा वाढला असता.

स्पंदन
यात एक बारकावा जोडते. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्या आत येणारी हवा थेट मोजत नाहीत, इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे प्रत्येक सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या फांद्यांमधला, दाब मोजून अंदाज बांधतात. अशा इंजिनात फट सगळ्यांच्या सामाईक जागी असेल तर कॉम्प्युटर तेवढं पेट्रोल वाढवून सांभाळून घेतो, आयडल फक्त चढा राहतो. इथे आयडल चढलेला नाही आणि एकच सिलिंडर मिस होतोय. म्हणजे फट *तीन नंबरच्या फांदीवर* असावी. मॅनिफोल्डचं तिकडचं गॅस्केट, किंवा त्या इंजेक्टरची ओ-रिंग (हवा न शिरू देणारी रबरी कडी). इंजेक्टर साफ करायला काढले होते ना? बसवताना ओ-रिंग नव्या टाकल्या होत्या का?

कृष्णाकाठ
कॉइल बदलून पाहिली. कोड पी०३०३ च. प्लग बदलून पाहिले. पी०३०३ च.
कॉम्प्रेशन शेजारच्या ओळखीच्या मेकॅनिककडे मोजलं: १३, १३, १२.५ बार. तो म्हणाला इंजिन उत्तम आहे. मोठा जीव भांड्यात पडला.
इंजेक्टर काढून ओ-रिंग नव्या टाकल्या (साफसफाईच्या वेळी जुन्याच बसवल्या होत्या). फरक नाही.
गॅस्केटवर पाणी फवारलं. फरक नाही.

आता खरंच कळेना. काल बाबा एसटीनं गेले. मी सोबत होतो, पण उभ्याने.

पाणपोई
हे वाचून वाईट वाटलं हो. बाबा कसे आहेत?

उद्यमनगरी
कृष्णाकाठ, थांबा. पहिल्या दिवशी वाचलं तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये गॅस आत कुठून सोडतात? मॅनिफोल्डच्या *प्रत्येक* फांदीला भोक पाडून त्यात पितळी नोझल बसवतात, आणि गॅसच्या इंजेक्टरपासून त्या नोझलपर्यंत एक बोटभर-वीतभर रबरी नळी असते. पेट्रोलवर चालताना गॅसचा इंजेक्टर बंद असतो हे खरं, पण नळी आणि नोझल तिथेच असतात! त्या नळीला चीर पडली किंवा नोझल ढिला झाला तर इंजिन त्यातून हवा ओढणार, फक्त त्याच सिलिंडरमध्ये, मग गाडी पेट्रोलवर असो की गॅसवर. ‘पेट्रोलवरही थरथरते म्हणजे किटचा संबंध नाही’ हे वाक्यच आपल्याला फिरवत राहिलं.

गॅसचा व्हॉल्व्ह टाकीवर बंद करा, पेट्रोलवर चालू करा, आणि तीन नंबरच्या नळीवर, नोझलच्या मुळाशी पाणी सोडा. नळी वाकवून खालची बाजू बघा. चीर नेहमी जिथे दिसत नाही तिथेच असते.

कृष्णाकाठ
सापडलं!!!

तीन नंबरची नळी वरून अगदी धडधाकट दिसत होती. क्लिपही घट्ट. खालून बोट फिरवलं तर नोझलच्या तोंडाशी, क्लिपच्या अगदी कडेला, नखाला काहीतरी अडकलं. मोबाइलचा कॅमेरा खाली घालून फोटो काढला. अर्धा इंच लांब चीर, ओठासारखी उघडलेली. रबर दाबलं की मिटायची, सोडलं की उघडायची. आत पितळेचा पिवळा रंग दिसत होता.

चालू इंजिनवर तिथे बाटलीतून दोन थेंब सोडले. थेंब सर्रकन आत गेले आणि इंजिन एकदम सावरलं. दोन सेकंद, मग परत थरथर. परत दोन थेंब. परत सावरलं. मी आईला हाक मारून बोलावलं आणि तिला तीनदा करून दाखवलं.

नळीवर हाताने बोट दाबून धरलं तर थरथर पार बंद. अडीच महिने, अकरा हजार चारशे, आणि ती एवढीशी चीर.

उनाड_पाखरू
मी बसमध्ये हे वाचून जोरात “हो!” म्हणालो, सगळे बघायला लागले.

तांबडीमाती
जियो! फोटो टाका ना.

नटबोल्ट
अभिनंदन. पण आता महत्त्वाचं ऐका. ती चीर पेट्रोलवर हवा आत ओढते, आणि गॅसवर चालताना तिथूनच थोडा गॅस बाहेरही जाऊ शकतो. दुरुस्त होईपर्यंत टाकीवरचा व्हॉल्व्ह बंद, गाडी फक्त पेट्रोलवर. टेप गुंडाळून चालवू नका. हार्डवेअरच्या दुकानातली कुठलीही नळी नको, सीएनजी-एलपीजीसाठी शिक्का असलेलीच नळी घ्या, तिन्ही एकदम बदला कारण तिघींचं वय एकच आहे. काम किट बसवणाऱ्या परवानाधारक केंद्राकडूनच करा आणि शेवटी साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासून घ्या.

आणि सीएनजी टाकीची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी) कधी झाली? दर तीन वर्षांनी लागते. २०१८ ला बसवलं म्हणालात.

कृष्णाकाठ
एकदा २०२१ ला झाली. पुढची... आता कागद बघितला. राहून गेली आहे. उद्याच टाकी देतो. हे विचारलंत म्हणून खरंच उपकार झाले.

पाणपोई
माझ्याकडे पण बाहेरून बसवलेलं किट आहे, २०१९ चं. उद्या नळ्या बघणार आणि टेस्टचा कागद शोधणार.

कृष्णाकाठ
चार दिवसांनी लिहितोय. तिन्ही नळ्या, क्लिपा आणि मजुरी मिळून ६५० रुपये. टाकी हायड्रोटेस्टला दिली आहे, तोवर पेट्रोलवर. कोड पुसून १४० किलोमीटर चालवली, दिवा नाही. ट्रिम आयडलला अधिक २, रेसला अधिक १. धप् धप् पूर्ण बंद.

फक्त एक बारीक गुणगुण अजून आहे, स्टेअरिंगमध्ये. झटका नाही, एकसारखी. फाउंडेशन बदलल्यापासून जी वाढली होती तीच असावी. ही सहन करायची का?

स्पंदन
नको सहन करायला. आता हा शुद्ध फाउंडेशनचा प्रश्न उरला. दोन शक्यता आहेत. एक, बदललेलं रबर मूळपेक्षा कडक आहे. दुसरी जास्त सामान्य आणि फुकटात सुटणारी: बोल्ट आवळताना इंजिन जॅकवर उचललेलं होतं, त्यामुळे रबर पीळ बसलेल्या अवस्थेत अडकलं. ताणलेलं रबर कंपन शोषत नाही, पुढे पाठवतं.

मेकॅनिककडून फाउंडेशनचे बोल्ट ढिले करून घ्या, काढायचे नाहीत. जॅक काढून इंजिनचं वजन पूर्णपणे फाउंडेशनवर येऊ द्या, इंजिन हाताने पुढे-मागे दोन-चारदा हलवा म्हणजे ते आपल्या जागी बसेल, आणि मग ठरलेल्या टॉर्कला आवळा. खालचा, गिअरबॉक्सजवळचा तिसरा दांडाही विसरू नका, तो बदलला का हे तुम्ही लिहिलेलं नाही.

कृष्णाकाठ
स्पंदन ताई, बोल्ट ढिला केला तेव्हा ‘टक्’ असा आवाज होऊन इंजिन जवळजवळ बोटाच्या पेरानं सरकलं. मेकॅनिक स्वतः म्हणाला, “अहो, हे तर पिळूनच बसवलं होतं.” खालच्या दांड्याचं रबर एका बाजूने फाटलेलं निघालं, तो मूळ कंपनीचा नवा टाकला. वीस मिनिटांचं काम.

काल बाबांना साताऱ्याला घेऊन गेलो. जाताना त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. कोल्हापूर नाक्याला सिग्नल लागला, चांगले दीड मिनिट उभे होतो. मी काही बोललो नाही, आरशातून बघत होतो. त्यांनी कडी धरली नव्हती. बाटलीचं झाकण उघडलं, सावकाश दोन घोट घेतले, झाकण लावलं. मग विचारलं, “बंद पडली काय रे गाडी?”

काळीपिवळी
डोळ्यांत पाणी आलं. बाबांना नमस्कार सांगा.

शिवार
ग्लो प्लग दोन गेले होते. नटबोल्ट, धन्यवाद. धूर बंद.

पाणपोई
माझ्या दोन नंबरच्या नळीला पण क्लिपपाशी बारीक तडे आहेत. अजून फाटलेली नाही. शनिवारी बदलतेय.